सारंगखेड्याला निघण्यापूर्वी : बुजऱ्या वछेरीची तयारी

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी असलेल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे दोन-अडीच वर्षांची वछेरी, म्हणजे तरुण घोडी, पहिल्यांदाच न्यायची असेल, तर तयारीला दिवाळीतच लागावे. आश्विन अमावस्येपासून मार्गशीर्ष पौर्णिमेपर्यंत जेमतेम ४४ दिवस मिळतात आणि बुजरे जनावर घाईला दाद देत नाही. हलगी, जनरेटर, फडफडणारे मंडप, शेकडो अनोळखी घोडे आणि रात्रीचे झगझगीत दिवे हे सारे तेथे तिच्या अंगावर एकदमच येते. यातले जे घरी एकेक करून ओळखीचे करता येईल, ते आधीच करून घ्यावे.

आरंभी पशुवैद्यकाकडून डोळे, दात आणि खूर तपासून घ्यावेत. कुठेतरी दुखत असलेला घोडाही बुजराच भासतो आणि त्याला धीट करत बसण्यात महिना जातो. धनुर्वाताची लस, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्ततपासणी आणि प्रवासास योग्य असल्याचा दाखला ही कामेही वेळेवर मार्गी लावावीत.

त्यानंतर मोरकी (तोंडावर चढवायची दोरी) आणि दोर. हलक्या ओढीने चालणे, थांबणे, दोन पावले मागे सरणे आणि मान खाली घेणे एवढे अंगणात पक्के झाल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये. मग एक निळी ताडपत्री आणावी आणि ती दगडांनी दाबून पंधरा पावलांवर पसरावी. वछेरी थबकेल, मान उंचावेल, श्वास रोखून धरेल. तेथेच आपणही उभे राहावे. दोर ताणू नये आणि चुचकारण्याचा सपाटाही लावू नये. काही वेळाने ती फुरफुरते, ओठ सैल सोडते, मान उतरवते. त्याच क्षणी तिला आपणहून मागे फिरवावे, म्हणजे शांत राहिले की सुटका होते हे तिला कळते. दुसऱ्या दिवशी दोन पावले पुढे जावे. असे वीस मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये, आणि डाव्या बाजूने झालेला प्रत्येक धडा उजव्या बाजूनेही द्यावा, कारण एका बाजूने मान्य केलेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसताच घोडा पुन्हा बुजू शकतो. त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते, पण कपाळासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाणाऱ्या पाहुण्यांना आधीच ताकीद द्यावी. मारवाडी किंवा काठेवाडी वछेरी असेल, तर टोकाशी आत वळलेले तिचे कान सतत पाहावेत, कारण भीतीची पहिली वर्दी तेच देतात.

हलगीच्या सवयीसाठी वछेरी चंदी (दाणा) खात असताना मोबाईलवर मंद आवाज लावावा, तो रोज थोडा वाढवावा आणि शेवटच्या पंधरवड्यात खरी हलगी पन्नास पावलांवर वाजवून घ्यावी.

टेम्पोला सर्वांत जास्त दिवस द्यावेत. उजेडातून अंधारात गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना सरावायला बराच वेळ लागतो, म्हणून त्याला ती पेटी म्हणजे काळे भोकच वाटते. गाडी बांधाला लावून फळी सपाट करावी, पुढचा पडदा उघडावा आणि चार-पाच दिवस इंजिन बंद ठेवून आत केवळ चारा खाऊ घालावा. एखादी शांत, वयस्क घोडी आधी चढवल्यास काम सोपे होते. मात्र तिच्यावाचून चढण्याचाही सराव हवाच, नाहीतर यात्रेत जोडी तुटताच वछेरी खिंकाळून मैदान डोक्यावर घेते.

पाण्याचे मी स्वतः एकदा विसरलो होतो. माझ्या वछेरीने तेथल्या पाण्याचा वास घेऊन रात्रभर तोंड लावले नाही आणि पहाटे पोटशूळाने लोळण घेतली. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोट धरले की धोका मोठा. तेव्हापासून निघण्यापूर्वी पंधरा दिवस पाण्यात किंचित गूळ घालून ती चव ओळखीची करतो आणि तोच गूळ सोबत नेतो. घरचा चारा, तोबरा (दाण्याची तोंडाला बांधायची पिशवी), बादली, एक जादा मोरकी आणि न धुतलेली जुनी झूल हेही बरोबर असावे; धुतलेल्या झुलीला घरचा वास राहत नाही.

यात्रेला एक-दोन दिवस आधी पोहोचावे आणि दावणीसाठी गर्दीच्या कडेची जागा घ्यावी. पहिल्या संध्याकाळी केवळ कडेकडेने फिरवावे, आत नेण्याचे सकाळी पाहावे. थंडीतही घाम फुटणे, लीद पातळ होणे, चाऱ्याला तोंड न लावणे यांपैकी काही दिसल्यास त्या दिवसाचा फेरफटका रद्द करावा, मग गिऱ्हाईक कितीही तालेवार असो. चाबूक मात्र घरीच ठेवावा.

परतल्यावर संसर्गाच्या धास्तीने दोन-तीन आठवडे तिला वेगळे बांधावे आणि बादलीही वेगळी ठेवावी. मात्र आठवडाभरातच इतर घोडे नसलेल्या एखाद्या नव्या वाटेवरून तिला थोडे फिरवून आणावे.