होस्टिंग घेताना आधी बॅकअपची चौकशी करा

सर्व्हरच्या कामात नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "स्वस्त आणि चांगलं होस्टिंग कुठलं?" म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा कुणाकडून घ्यावी. दराचं नंतर बघू. सर्व्हर उद्या गेलाच, तर साइट कुठून आणि किती वेळात परत उभी राहील, हे आधी कंपनीला विचारा. बॅकअप रोज होतो का, किती दिवस ठेवतात, तो आपल्याला उतरवून घेता येतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर मी तिथे थांबत नाही.

10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला (सर्व्हर ठेवण्याच्या आवाराला) आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून बॅकअपची एक प्रत दुसऱ्या शहरात, शक्यतो दुसऱ्याच कंपनीकडे हवी. डोमेनसुद्धा, म्हणजे साइटचं नाव, मी होस्टिंगवाल्याकडे घेत नाही, वेगळ्या रजिस्ट्रारकडे (नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे) ठेवतो. भांडण झालं किंवा कंपनी बुडाली तरी डीएनएस, म्हणजे ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंद, आपल्या हातात राहतं.

शाळा, संस्था, छोटं दुकान यांच्या साइटला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, पुरतं. उगाच व्हीपीएस (आपल्या एकट्याच्या ताब्यातला आभासी सर्व्हर) घेऊ नका, तो सांभाळायला माणूस लागतो. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर बघा आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरा. 99.9 टक्के अपटाइमची (साइट चालू राहण्याची) हमी म्हणजे महिन्याला सुमारे 43 मिनिटं साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला असंच धरतात. वाचक महाराष्ट्रातले असतील तर सर्व्हर मुंबईत किंवा बंगळुरूत घ्या. अमेरिकेत ठेवलात तर मागणी जाऊन उत्तर येण्याच्या एका फेरीला साधारण 200 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ जातो.

व्हीपीएस घेतलाच, तर तो सुरू झाल्यावर थोड्याच वेळात लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) रूट, अॅडमिन अशा मुख्य खात्यांच्या नावांनी अनोळखी लोकांचे लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. तेव्हा त्याच दिवशी वेगळा युजर बनवा, एसएसएच की (दुरून लॉगिन करायला पासवर्डऐवजी वापरायची किल्लीची फाइल) लावा, पासवर्डने होणारं लॉगिन बंद करा आणि फायरवॉलमध्ये 22 (एसएसएच लॉगिनसाठी), 80 आणि 443 (साइटसाठी) एवढेच पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे दरवाजे, उघडे ठेवा. हे बदल करताना चालू टर्मिनल बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय याची खात्री झाली, मगच पहिली मिटा. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोयही लगेच करा.

पुढचं काम रोजच्या देखरेखीचं, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. एका ग्राहकाची साइट बंद पडली होती. डिस्क निम्मी मोकळी, तरी एरर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला 'एच'ऐवजी 'आय' लावून पाहिलं, तर आयनोड 100 टक्के भरलेले. प्रत्येक फाइलला एक आयनोड (नोंदीचा खण) लागतो, ते संपले की जागा असूनही नवी फाइल बनत नाही. पीएचपीच्या (साइट ज्यात लिहिली होती त्या भाषेच्या) सेशन फोल्डरमध्ये, जिथे प्रत्येक भेटीची नोंद राहते, लाखो बारक्या फाइली साचल्या होत्या, कारण जुन्या फाइली पुसणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) कधीचा बंद पडला होता. शेअर्ड होस्टिंगवरही 'अनलिमिटेड' जागेला अशीच आयनोडची मर्यादा असते, अटींच्या बारीक अक्षरांत ती शोधा.

बॅकअप आहे एवढ्यावर विसंबू नका. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा कळलं, की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही भरवशाची नव्हती. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून निभावलं.

दर महिन्याला तासाच्या भाड्याने एक छोटा व्हीपीएस घ्या, कालचा बॅकअप त्यावर चढवा, साइट उघडा, लॉगिन करून बघा, एखादा फोटो उघडतो का तपासा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि मशीन काढून टाका. जिथे अडलात ती पायरी नोंदवहीत घाला, आणि ती नोंदवही त्या सर्व्हरवर ठेवू नका.