टप्प्याटप्प्याने होणारे रेखांकन कसे तपासावे

मोठ्या शेतजमिनीचे प्लॉट पाडताना विकसक सगळे काम एका दमात क्वचितच करतो. रेखांकन, म्हणजे प्लॉट, रस्ते व मोकळी जागा दाखवणारा आराखडा, संपूर्ण गटाचे सादर होते आणि रस्ते, गटारे, पाण्याची टाकी दोन-तीन टप्प्यांत करण्याचे ठरते. यात मुळात गैर काही नाही. अडचण होते ती विक्री पहिल्या टप्प्यात आणि सोयी शेवटच्या टप्प्यात अशी वाटणी केली जाते तेव्हा. म्हणून प्लॉट घेणाऱ्याने किंवा लगतच्या शेतकऱ्याने प्रस्ताव पाहताना एकच प्रश्न मनाशी धरावा: पुढचे टप्पे कधीच झाले नाहीत, तर पहिला टप्पा स्वतःच्या पायावर उभा राहील का?

प्रथम मंजुरी कोणाची ते पाहावे. महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत ती संस्थाच नियोजन प्राधिकरण असते आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 44 व 45 खाली परवानगी देते. हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, प्रकरण कलम 18 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे; कोणताही आकडा पडताळायचा तो त्याच नियमावलीत.

प्रत्येक रेखांकनावर जाहीर सुनावणी घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे कागद स्वतःच मिळवावे लागतात. माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज पुरतो आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. त्यात मंजूर नकाशा, अटींसह मंजुरीपत्र, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा आणि नगररचना शाखेचा अभिप्राय अशी नावानिशी मागणी करावी. ‘सर्व कागदपत्रे’ असे मोघम लिहिले की मोघमच उत्तर येते.

नकाशा हाती आल्यावर सर्वाधिक वेळ मोकळ्या जागेवर घालवावा. जमीन 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठी असेल, तर विकास योजनेतील रस्ते व आरक्षणे वगळून उरलेल्या क्षेत्राच्या 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. समजा, असे 40,000 चौरस मीटर क्षेत्र उरले, तर 4,000 चौरस मीटर मोकळी जागा हवी. आता पहिल्या टप्प्याची सीमा पेन्सिलीने आखून त्या सीमेच्या आत किती तुकडा येतो ते मोजावे. निम्मे प्लॉट पहिल्या टप्प्यात आणि मोकळ्या जागेचे जेमतेम 500 चौरस मीटर आत, असे दिसले की उरलेली बाग कागदावरच राहण्याची धास्ती असते. एका तालुक्याच्या गावी मी अशी हिरवी रंगवलेली जागा प्रत्यक्ष पाहायला गेलो, तर ती ओढ्याच्या काठाचा खचलेला उतार निघाली. नकाशा तपासणाऱ्या संगणक प्रणालीला क्षेत्रफळ कळते, काठ खचलेला आहे हे कळत नाही. त्यासाठी पायच झिजवावे लागतात. नदी जवळ असेल तर निळी व लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या सरकारी हद्दी) कुठून जाते हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

रस्त्यांचे तसेच. मुख्य रस्त्याला जोडणारा पोहोचरस्ता पहिल्याच टप्प्यात आहे का, की तो तिसऱ्या टप्प्याच्या जमिनीतून जातो? सांडपाणी कुठे सोडणार आणि पाण्याचा स्रोत कोणता, याची अट मंजुरीपत्रात टप्पानिहाय लिहिलेली हवी. विकासकामे पूर्ण झाल्यावरच उरलेले भूखंड विक्रीस मोकळे होतील अशी अट असेल, तर ते ग्राहकाचे खरे संरक्षण होय.

मंजुरी तात्पुरती की अंतिम, हा फरक विक्रीच्या वेळी मुद्दाम पुसट केला जातो. आधी रेखांकन तात्पुरते मंजूर होते, मग जागेवर आखणी व मोजणी होऊन अंतिम मंजुरी मिळते. तात्पुरत्या नकाशावरचा प्लॉट क्रमांक आणि मोजणीनंतरचा क्रमांक वेगळे निघू शकतात; म्हणून शिक्क्यावरचा शब्द आणि जावक क्रमांक स्वतः वाचावा.

प्लॉटचे प्रकल्पही स्थावर संपदा अधिनियम, 2016 खाली येतात. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रीआधी नोंदणी लागते आणि प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानून नोंदवावा लागतो. पहिल्या टप्प्याचा महारेरा क्रमांक (याच कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक) दाखवून दुसऱ्या टप्प्यातला प्लॉट विकला जात असेल, तर तिथेच थांबावे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही आणि मंजूर रेखांकनात पुढे बदल करायचा तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

हरकत घ्यायची असेल तर मंजुरीपूर्वीच घ्यावी. अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद नगररचना अधिनियमाच्या कलम 45 मध्ये आहे. शिवाय त्याच अधिनियमाच्या कलम 47 चे 40 दिवसांतले अपील अर्जदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. मंजुरी झालीच, तर ती रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा प्राधिकरणाचा अधिकार कलम 51 मध्ये आहे, म्हणून अर्जात त्या कलमाचा उल्लेख करावा. हरकतीत गट क्रमांक, टप्पा, नकाशावरची नेमकी जागा आणि मोडलेला नियम एवढेच लिहावे, सोबत जागेचे छायाचित्र जोडावे आणि स्थळप्रत आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.