जुन्या लॅपटॉपची स्क्रीन पुन्हा पुन्हा बिघडते? या चुका टाळा

स्क्रीन एकदाची कायमची बंद पडली तर दोष शोधणं सोपं जातं. खरा वैताग असतो तो येत-जात राहणाऱ्या बिघाडाचा. सकाळी फडफडते, दुपारी व्यवस्थित चालते. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी नेमकं महत्त्वाचं काम चालू असताना अंधार. मधल्या बऱ्या दिवसांत आपण जे काही केलेलं असतं, त्यालाच उपाय समजून बसतो. जुन्या लॅपटॉपवरचा बराचसा वेळ आणि पैसा इथेच वाया जातो.

माझ्या आठ वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचं असंच झालं. फडफड सुरू झाली म्हणून मी आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजकडून ग्राफिक्स चिप चालवून घेणारं सॉफ्टवेअर, बदलला. आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. विंडोज नव्याने टाकलं, तरी तेच. शेवटी पॅनेल, म्हणजे खुद्द पडदाच, बदलून घेतलं आणि चौथ्या दिवशी नवं पॅनेलही तसंच फडफडू लागलं. मग स्क्रीनभोवतीची प्लास्टिकची चौकट उघडून नीट पाहिलं. उजव्या बिजागरीजवळ डिस्प्ले केबल जिथे वळते, तिथली काळी टेप घासून निघून गेली होती आणि आतल्या केसाएवढ्या तारांपैकी एक जवळजवळ तुटली होती. झाकण एका कोनात असलं की टोकं जुळायची, जरा हललं की सुटायची. जुन्या पॅनेलमध्ये कधीच काही बिघडलेलं नव्हतं.

दोष कुठे आहे हे न पाहता उपाय सुरू करणं

सगळ्या चुकांची आई हीच. चित्र तयार होतं मदरबोर्डवरच्या ग्राफिक्स चिपमध्ये, केबलमधून बिजागरीवाटे वर जातं, पॅनेलवर उमटतं आणि मागच्या बॅकलाइटमुळे आपल्याला दिसतं. या वाटेवर नेमकं कुठे अडतंय हे ठरवायला एकही स्क्रू काढावा लागत नाही.

आधी लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा आणि विंडोजचं बटण धरून पी दाबा. बाहेरच्या पडद्यावर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर बिघडलेलं असेल, तर बहुतेक वेळा दोष केबल, पॅनेल किंवा बॅकलाइटमध्ये असतो. दोन्हीकडे सारखेच ठिपके आणि चौकटी दिसत असतील, तर संशय ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिपवर. दोन्ही पडदे काळे आणि पंखा मात्र फिरतोय, अशा वेळी रॅम काढून, पट्टीवरचे सोनेरी संपर्क पुसून परत घट्ट बसवून पाहा. जुन्या मशीनमध्ये एवढ्यानेही काम होऊन जातं.

दुसरी चाचणी बायोसची, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगची. लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा डिलीट, तुमच्या मॉडेलला जे बटण लागतं ते दाबून बायोसमध्ये जा आणि तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबा. बिघाड येता-जाता असल्यामुळे अर्ध्या मिनिटात बाहेर पडून उपयोग नाही. बायोसमध्ये विंडोजचा ड्रायव्हर चालतच नाही. तिथेही फडफड दिसली, तर सॉफ्टवेअरवर एक मिनिटही घालवू नका.

तिसरी चाचणी बायोसमध्ये असतानाच करून घ्या. झाकण अगदी सावकाश पुढे-मागे करा. ठरावीक कोनात चित्र जात असेल, रंग बदलत असतील किंवा पडदा क्षणभर पांढरा होत असेल, तर केबलने स्वतःहून कबुली दिली म्हणून समजा.

रेषा दिसत असतील तर स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर पाहा. चित्रातही रेषा आल्या असतील तर पॅनेल आणि केबल दोन्ही निर्दोष आहेत. रेषा आल्या नसतील तर दोष बहुधा पडद्याच्या बाजूचा. नेहमी एकाच जागी दिसणारी उभी बारीक रेष पॅनेलच्या कडेला चिकटवलेली अतिसूक्ष्म जोडणी सुटल्यामुळे येते. तिथे दाबलं की ती काही वेळ नाहीशी होते, म्हणून लोक कागदाच्या घड्या खुपसून ठेवतात. त्या दाबाने शेजारच्या जोडण्याही सैल होतात. अशा पॅनेलवर टिकाऊ दुरुस्ती नाही. बदलायचं किंवा रेषेसकट वापरायचं.

आणि एक वही ठेवा. बिघाड कधी होतो, चार्जर लावलेला असतो की नाही, मशीन थंड असतं की तापलेलं, नुकतंच झाकण उघडलं होतं का, हे चार दिवस लिहून काढा. एका वेळी एकच बदल करा. मी हे सुरुवातीलाच केलं असतं, तर "सकाळी, झाकण उघडल्यावर" ही नोंद पहिल्याच पानावर आली असती.

पडदा काळा म्हणजे पॅनेल गेलं असं धरून चालणं

खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. विंडोजची चिन्हं अंधूक दिसली, तर पॅनेल चित्र दाखवतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. साधारण २०१० च्या आधीच्या अनेक लॅपटॉपमध्ये उजेडासाठी एलईडीऐवजी बारीक काचेची नळी असे. ती म्हातारी होत आली की पडदा सुरुवातीला गुलाबी-लालसर दिसतो आणि काही वेळाने अचानक मिटतो. या नळीला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या पट्टीवर शेकडो व्होल्ट असतात, आणि नळीत थोडा पारा असतो. लॅपटॉप चालू असताना तिथे बोट लावू नका आणि फुटलेली नळी हाताने उचलू नका.

पडदा मध्येच काळा होऊन लगेच परत येत असेल, तर आजूबाजूला चुंबक आहे का तेही पाहा. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला कळतं ते बहुधा चुंबकामुळेच. चुंबकाचं बक्कल असलेला घड्याळाचा पट्टा किंवा मोबाइलचं कव्हर कीबोर्डच्या कडेला टेकलं, तरी त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं.

"बंद करून सुरू केला" यावर विश्वास ठेवणं

विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. बिनसलेला ड्रायव्हरही मग तसाच परत येतो. म्हणून रीस्टार्ट करा, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा.

बायोसमध्ये पडदा शांत होता आणि विंडोजमध्येच फडफडतो, अशा वेळी टास्क मॅनेजर उघडा. त्यासकट सगळंच फडफडत असेल तर ड्रायव्हर, टास्क मॅनेजर स्थिर आणि बाकीचं फडफडत असेल तर एखादं ॲप कारणीभूत असतं. ड्रायव्हरच्या बाबतीत नवीनतम आवृत्तीचा हट्ट जुन्या मशीनवर नडतो. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये रोल बॅक करून आधीच्या ड्रायव्हरवर जा, किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेला जुना ड्रायव्हर टाका. फक्त बॅटरीवर असताना उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल, तर तो बिघाड नाही. ग्राफिक्सच्या सेटिंगमधली वीज वाचवण्याची सोय बंद करून पाहा.

बॅटरी न काढता केबल काढणं

ही चूक चांगल्या बोर्डचा घात करते. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डात वीज असते. अशात डिस्प्ले केबलचा कनेक्टर जरा तिरका निघाला किंवा बसला, तर शेजारच्या पिना एकमेकींना टेकतात आणि बोर्डवरचा बॅकलाइटचा तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज उडतो. केबल नवी, पॅनेल नवं, तरीही अंधार, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. चार्जर काढा, बॅटरी काढा. ती आत असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. त्यानंतरच केबलला हात लावा.

इंच मोजून पॅनेल मागवणं

१५.६ इंच एवढ्यावर पॅनेल ठरत नाही. कनेक्टर ३० पिनांचा की ४० पिनांचा, तो कोणत्या बाजूला आहे, रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ की १९२० बाय १०८०, स्क्रू बसायच्या पट्ट्या कुठे आहेत, हे सगळं जुळावं लागतं. जुनं पॅनेल उतरवून पाठीमागच्या स्टिकरवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट.

चिप भाजून "जिवंत" करणं

ओव्हन किंवा हॉट एअर गनने ग्राफिक्स चिप तापवायची युक्ती अजूनही सांगितली जाते. तिचा उगम समजण्यासारखा आहे. २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिप त्यांच्या पॅकेजमधल्या (चिपच्या आवरणातल्या) कमकुवत साहित्यामुळे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत असल्याचं जाहीर केलं होतं आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. अशी चिप तापवली की आतली भेगाळलेली जोडणी तात्पुरती टेकते आणि पडदा येतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा जातो. तोवर आजूबाजूचे प्लास्टिकचे कनेक्टर वितळलेले असतात. पडदा आला तेवढ्या दिवसांत फाइली काढून घ्या.

पुसण्यातली आणि उघडण्यातली घाई

पडद्यावर थेट फवारा मारू नका. थेंब ओघळून खालच्या कडेला जातो, आणि बऱ्याच पॅनेलची नाजूक जोडणी तिथेच असते. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा, अमोनियाचं काचेचं द्रावण वापरू नका. टचपॅड वर उचललं गेलेलं किंवा झाकण नीट मिटत नसलेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे का ते आधी पाहा. फुगलेली बॅटरी पडद्याला खालून दाबते आणि आगीचाही धोका असतो. तिला टोचू नका, दाबू नका, लॅपटॉप वापरणं थांबवून ती जाणकाराकडून काढून घ्या.

झाकण कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर ती मोडा, मधोमध धरा. कोपऱ्यातून ओढलं की सगळा पीळ एकाच बिजागरीवर येतो. वर्षानुवर्षांनी बिजागरी घट्ट होते, प्लास्टिकमधले पितळी नट उपटले जातात आणि त्या फटीत केबल चिरडते. माझ्या लॅपटॉपची केबल बदलताना मी बिजागरीचं आतलं नट पाव फेरा सैल केलं, उपटलेला नट इपॉक्सीने बसवून एक रात्र वाळू दिला, आणि केबल वळणापाशी थोडी ढिली ठेवून नवी टेप गुंडाळली. त्याला दोन वर्षं होऊन गेली. झाकण आता एका बोटाने उघडतं आणि कोणत्याही कोनात पडदा हलत नाही.