आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला टाकताना

सांगलीत चावीचं जुनं घड्याळ दुरुस्तीला देणार असाल, तर कारागीर मागचं झाकण तुमच्यासमोर उघडतो का, ते आधी बघा. चांगला माणूस डोळ्याला भिंग लावून आतलं यंत्र न्याहाळतो, तेल सुकलंय की स्प्रिंग तुटलीय हे तुम्हालाही दाखवतो आणि मगच खर्च सांगतो. पावतीवर झाकणावरचा नंबर लिहून घ्या. बदललेला पार्ट परत मागायला लाजू नका. २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस ही सरकारी घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय झाल्यापासून तिच्या घड्याळांचे अस्सल पार्ट मिळणं अवघडच झालंय. ऑइलिंगनंतर दोन दिवस ठेवून काटा किती पुढे-मागे पडतो ते तपासणारा खरा. पाण्यात भिजलेलं घड्याळ मात्र त्याच दिवशी न्या, गंज थांबत नाही.