घरगुती इंडक्शन अ‍ॅनिलर: या चुका टाळा

रायफलची रिकामी पुंगळी पुन्हा भरून वापरली की दर वेळी तिची मान ताणली जाते, साइझिंग डायमध्ये (मूळ मापावर आणणाऱ्या साच्यात) पुन्हा दाबली जाते आणि पितळ कडक होत जातं. मग मानेला उभी चीर पडते. त्यावरचा उपाय अ‍ॅनिलिंग, म्हणजे मान तापवून पितळ पुन्हा मऊ करणं. अमेरिकेतले रिलोडर (स्वतः काडतुसं भरणारे) त्यासाठी 48 व्होल्ट, 12.5 अँपिअरचा एसएमपीएस (डीसी वीज देणारा सप्लाय) आणि तयार मिळणारा 1000 वॉटचा झेडव्हीएस बोर्ड (तांब्याच्या कॉइलमध्ये वेगाने उलटसुलट करंट खेळवून आतलं पितळ तापवणारं सर्किट) घेऊन घरीच यंत्र बांधतात. (भारतात शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, हे आधी लक्षात घ्या.)

बोर्ड जळाला की दोष बोर्डाला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याला वीज देण्याच्या पद्धतीत असते.

स्विच चुकीच्या बाजूला

एसएमपीएसचं बटण दाबून कॉइल चालू करू नका. सप्लायचा व्होल्टेज हळूहळू चढतो, तेवढ्यात झेडव्हीएसचे दोन्ही मॉसफेट (आळीपाळीने चालणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) एकदम चालू होतात, दोलन सुरूच होत नाही आणि सरळ शॉर्ट होतो. सप्लाय आधी चालू करून पूर्ण 48 व्होल्टवर येऊ द्या. रिले (टायमरने चालणारा स्विच) सप्लाय आणि बोर्ड यांच्यामध्ये लावा. तारा आखूड आणि 4 चौ. मिमीच्या घ्या. बारीक, लांब तारेत व्होल्टेज पडला तरी हाच प्रकार होतो. 15 अँपिअरचा फ्यूज स्वस्तात बोर्ड वाचवतो.

सॉलिड स्टेट रिले डीसीचाच हवा. एसीच्या रिलेत ट्रायॅक असतो. डीसीवर तो एकदा चालू झाला की टायमर संपला तरी बंद होत नाही, आणि पुंगळी आत वितळते. रिलेवर 40 अँपिअर छापलेलं असलं तरी त्याला हीटसिंक द्याच.

व्होल्टेज वाढवून वेग मिळवण्याचा मोहही नको. मॉसफेटवर पुरवठ्याच्या π पट, म्हणजे 48 वर सुमारे 150 व्होल्ट येतात. 60 दिले तर 188. आयआरएफपी260 या मॉसफेटची मर्यादा 200 आहे.

कॉइल

3 मिमीच्या तांब्याच्या नळीचे सात-आठ वेढे, आतला व्यास 25 मिमीच्या आसपास, इथून सुरुवात करा. पुंगळी आत असताना करंट मोजा. 12 अँपिअरच्या वर गेला तर सप्लाय ओव्हरलोड होऊन बंद-चालू होत राहील. तेव्हा एक वेढा वाढवा. कमी वेढे म्हणजे जास्त करंट, हे अनेकजण उलटं धरून बसतात. वेढे एकमेकांना चिकटू देऊ नका, फायबरग्लासची स्लीव्ह चढवा. लहान पंपाने नळीतून डिस्टिल्ड वॉटर फिरवा आणि कपॅसिटरवर पंखा ठेवा. पाण्याचा पंप चालू आणि पंखा नाही अशी यंत्रं अर्ध्या तासात बंद पडतात.

पुंगळीचा आधार लोखंडाचा नको, कॉइलजवळ तोही तापतो. सिरॅमिक चालेल. पुंगळी खाली सोडणाऱ्या झडपेच्या सोलेनॉइडला (विद्युतचुंबकाला) उलटा डायोड लावला नाही तर कंट्रोलर अधूनमधून रीसेट होतो. कारण कळलं नाही की लोक प्रोग्राम तपासत बसतात.

ताप किती

इथे चुकलं तर नुकसान यंत्राचं नाही, नेमबाजाचं होतं. .308 विंचेस्टर या रायफल काडतुसाचा कमाल दाब 62,000 पीएसआय आहे. तो पेलायला पुंगळीचं बूड कडकच राहायला हवं. म्हणून कॉइलमध्ये मान, खांदा (मानेखालचा उतार) आणि त्याखालचा थोडाच भाग जाऊ द्या. खांद्याखाली 450 अंश फॅरेनहाइटला वितळणारा टेम्पिलॅक हा ताप दाखवणारा रंग लावून पाहा. रंग बुडाकडे वितळत गेला तर पुंगळी वर घ्या किंवा वेळ कमी करा.

मानेसाठी खोली अंधारी करा. कोणताही घन पदार्थ 525 अंश सेल्सिअसच्या सुमारास मंद लाल दिसू लागतो. टाकाऊ पुंगळीवर वेळ 0.2 सेकंदाने वाढवत जा आणि मान जेमतेम लालसर होऊ लागेल तिथेच थांबा. नारिंगी दिसली तर ती पुंगळी भंगारात. पक्कडीने मान हलकेच दाबून सोडली तर ती थोडी परत उसळली पाहिजे. दाबलेलीच राहिली तर पितळ फार मऊ झालं. ते गोळी नीट धरणार नाही.

एका कंपनीच्या पुंगळीवर ठरवलेली वेळ दुसरीला चालत नाही. सुमारे 100 किलोहर्ट्झवर पितळात करंट जेमतेम 0.4 मिमी खोल शिरतो आणि मानेची जाडीही जवळपास तेवढीच असते, त्यामुळे जाडीतला थोडासा फरकही तापात दिसतो. बुडावरचा शिक्का पाहून ढीग वेगळे करा. तापलेलं पितळ पाण्यात टाकल्याने कडक होत नाही की जास्त मऊही होत नाही; पाण्याची बादली फक्त हात भाजू नये म्हणून.

प्रायमर (बुडातली स्फोटक टोपी) काढल्याशिवाय एकही पुंगळी कॉइलमध्ये घालू नका. भरलेलं काडतूस तर या टेबलावर असूच नये.