बस, घर आणि बाजाररस्ता: मागणी कशी मांडावी आणि मंजूर कशी करून घ्यावी

स्थानिक प्रशासनाच्या आवक-जावक टेबलावर मी माझी बहुतेक नोकरी काढली. नागरिकांचं पत्र आलं की शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक घालायचा, विषय वाचायचा आणि कोणत्या खात्याकडे पाठवायचं ते ठरवायचं. ‘आमच्या भागातील वाहतुकीच्या समस्यांबाबत’ असा विषय असलेलं पत्र कोणाचंच नसतं. ते दोन-तीन खात्यांत फिरतं आणि ‘नोंद घेतली’ असा शेरा घेऊन फायलीत जाऊन बसतं. ‘अमुक मार्गावरची संध्याकाळची बस दर २० मिनिटांऐवजी दर १० मिनिटांनी सोडण्याबाबत’ हे पत्र मात्र थेट वेळापत्रक बघणाऱ्या माणसाकडे जातं आणि त्याला त्यावर हो किंवा नाही लिहावंच लागतं. नोकरी सुटल्यापासून मी रहिवाशांच्या गटांबरोबर काम करते. पहिल्याच बैठकीत मी त्यांना हे सांगते: ज्याला हो किंवा नाही असंच उत्तर देता येईल, ती मागणी. बाकीचं सगळं मनातलं बोलणं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. तिथल्या बसप्रवाशांच्या संघटनेने १९९४ मध्ये वाहतूक प्राधिकरणाला कोर्टात खेचलं आणि १९९६ मध्ये समझोता झाला. ‘गर्दी कमी करू’ एवढ्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. गर्दीच्या वेळी एका बसमध्ये सरासरी किती माणसं उभी असली तर चालतील, याचा आकडाच लिहून घेतला आणि तो टप्प्याटप्प्याने खाली आणायच्या तारखाही ठरवून घेतल्या. शेवटचा टप्पा होता आठ माणसांचा. आकडा कागदावर आला की तो पाळला गेला की नाही, हे स्टॉपवर उभ्या असलेल्या कोणालाही मोजता येतं.

मागायचं काय? बसच्या बाबतीत लोक आधी नवा मार्ग मागतात. माझा सल्ला वेगळा आहे. आहे त्या मार्गावर फेऱ्या वाढवून मागा. बस वेळेवर धावत असेल, तर सरासरी थांबावं लागतं ते दोन बसमधल्या अंतराच्या निम्मं. अर्ध्या तासाने बस म्हणजे १५ मिनिटं, दहा मिनिटांनी बस म्हणजे पाच. त्यातून बस बदलून जायचं असेल तर हा हिशेब दोनदा लागतो. शिवाय फेऱ्या दाट असल्या की वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. माणूस घरातून निघतो आणि जातो. ह्यूस्टन शहराने ऑगस्ट २०१५ मध्ये आपलं अख्खं बसजाळं एका रात्रीत बदललं ते याच विचाराने: फारसा जादा खर्च न करता वळणावळणाचे, रिकामे धावणारे मार्ग सरळ केले आणि वाचलेल्या बस मुख्य मार्गांवर दाट सोडल्या. यात काहींचा स्टॉप लांब जातो, हे लपवू नका. ज्यांचा जाणार आहे त्यांच्या घरी आधी तुम्ही जा. प्रशासनाची नोटीस पोचायच्या आत तुम्ही पोचलेले असायला हवं.

मोजणी

आता खरं काम. मागणी ठरली की मोजायला बसा. हा भाग मी सविस्तर सांगते, कारण इथे ढिलाई झाली की पुढचं सगळं डळमळतं.

दोन माणसं, एक पॅड, एक घड्याळ. कागदावर १५-१५ मिनिटांच्या आडव्या ओळी आखा. उभे रकाने चार: चालत जाणारे, बसमधून उतरलेले, सायकलवाले आणि मोटारीतून उतरलेले. चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, अशा खुणा करत जा. एक जण फक्त बघून मोठ्याने बोलतो, दुसरा फक्त लिहितो. दोन्ही कामं एकाने केली की चुका होतात. बस भरलेली म्हणून चढता न आलेली माणसं कागदाच्या तळाशी वेगळी लिहा, कारण तिकीटविक्रीच्या आकड्यांत ही माणसं कधीच येत नाहीत. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही घ्या. वर तारीख, वार, हवामान, मोजणाऱ्याची सही. मूळ कागद जपून ठेवा. अधिकारी जेव्हा विचारतात ‘हे आकडे कुठून आणले?’ तेव्हा टाइप केलेला तक्ता देण्यापेक्षा तो मळलेला कागद समोर ठेवलेला बरा. त्यावर मग कोणी शंका घेत नाही.

बाजाररस्त्यावर आणखी एक मोजणी करा. दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाला दोनच प्रश्न विचारा: कसे आलात, आणि महिन्यातून साधारण कितीदा येता? तिसरा प्रश्न विचारला की माणसं घाईत पुढे निघून जातात.

पण त्याआधी दुकानदाराला त्याचा अंदाज विचारा आणि तो त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १९९१ मध्ये असं विचारलं होतं. दुकानदारांना वाटत होतं की ५८ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात; प्रत्यक्षात निघाली ३२ टक्के. पुढे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये अंदाज होता ४१ टक्क्यांचा आणि आकडा आला २२. हे आकडे तुम्ही दुकानदाराच्या तोंडावर मारलेत तर तो म्हणेल, ‘आमचा रस्ता वेगळा आहे.’ आणि ते म्हणायचा त्याला अधिकार आहे. म्हणून त्याच्याच दारात, त्याच्याच अंदाजाशेजारी, त्याच्यासमोर मोजा.

दुकानदाराशी बोलताना

दुकानदाराला विरोधक समजू नका. फूटपाथ रुंद होणार किंवा पार्किंग कमी होणार म्हटल्यावर त्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याच्या डोक्यावर भाडं असतं, कर्ज असतं आणि दोन महिने धंदा बसला तर सावरायला त्याच्यामागे कोणी नसतं. त्याची पहिली काळजी बहुधा माल उतरवायची असते. तेव्हा तुमच्या मागणीतच सकाळच्या ठरावीक तासांत माल उतरवायला जागा राखून मागा. ही एक ओळ घातल्यावर निम्मा विरोध विरघळताना मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट पैशांची. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराने १९९३ मध्ये जुन्या बाजारभागात पार्किंगला मीटर बसवले, तेव्हा दुकानदार नाराज होते. मीटरचा पैसा त्याच भागाच्या फूटपाथ, दिवे आणि साफसफाईवर खर्च होईल, असं ठरल्यावर ते राजी झाले. डोनाल्ड शूप या अभ्यासकाने हे उदाहरण पुढे जगभर नेलं. तुमच्या रस्त्यावर शुल्क येणार असेल तर ‘जमा होणारी रक्कम याच रस्त्यावर खर्च व्हावी’ हे वाक्य मागणीत हवंच. ते नसेल तर पैसा सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि पुन्हा दिसत नाही.

आधी प्रयोग मागा

कायमस्वरूपी बदलाला हो म्हणायला अधिकारी कचरतात, आणि त्यांची बाजूही मी जवळून पाहिली आहे: चुकलं तर सही त्यांची असते. तात्पुरत्या बदलावर सही करणं सोपं असतं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून मोठा रस्ता काढायचं शहराचे बडे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांच्या मनात होतं. शर्ली हेज या आईने १९५२ मध्ये विरोध सुरू केला, नंतर शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सही त्यात उतरल्या. १९५८ मध्ये आंदोलकांनी उद्यानातला रस्ता गाड्यांना फक्त काही काळ बंद करून मागितला. आजूबाजूला भयंकर कोंडी होईल असं सांगितलं जात होतं. तशी कोंडी झाली नाही आणि पुढच्या वर्षी बंदी कायम झाली. कोपनहेगनचा स्ट्रॉय हा बाजाररस्ताही १९६२ मध्ये प्रयोग म्हणूनच पादचाऱ्यांसाठी राखला गेला. तो कायम झाला १९६४ मध्ये.

ब्राझीलमधल्या कुरितिबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९७२ मध्ये महापौर जैमे लेर्नेर यांनी एका शनिवार-रविवारच्या आसपास, ७२ तासांत मुख्य रस्ता पादचाऱ्यांचा करून टाकला, आणि आधी विरोध करणारे दुकानदारच नंतर तो पुढे वाढवा म्हणू लागले. गोष्ट खरी आहे, पण नागरिक गटांनी त्यातून घाई उचलू नये. महापौराच्या हातात यंत्रणा असते. आपल्या हातात फक्त विश्वास असतो.

प्रयोगाच्या पत्रात तीन गोष्टी असायलाच हव्यात: सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख आणि कोणता आकडा किती झाला तर प्रयोग यशस्वी धरायचा. तिसरी गोष्ट आधी लिहून घेतली नाही, तर नंतर ज्याला जे वाटेल ते तो म्हणतो.

घरांचा प्रश्न

घरांबद्दल बोलायला गट घाबरतात. बसला सगळे हो म्हणतात, फुटपाथला बरेच जण म्हणतात, पण शेजारी चार मजली इमारत येणार म्हटलं की बैठक तापते. तरी हा विषय टाळू नका. दर दहा मिनिटांनी बस धावायची तर तिच्या वाटेवर माणसं राहायला हवीत, आणि कोपऱ्यावरचं दुकान तगायचं तर चालत येणारं गिऱ्हाईक हवं. तिन्ही मागण्यांचं मूळ एकच आहे.

इथेही नियमाच्या पातळीवर मागा. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये प्रत्येक बांधकामाला ठरावीक पार्किंग सक्तीचं करणारी अट शहरभर काढून टाकली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली आणि त्यानंतर तिथलं घरबांधणीचं प्रमाण ठळकपणे वाढलं. एकेका इमारतीसाठी भांडण्यापेक्षा एक कलम बदलून घेणं कमी थकवणारं असतं.

भाडेकरू मात्र विचारतील: बस सुधारली, रस्ता सजला, की आमचं भाडं वाढणार ना? ही भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचं तर नव्या घरांची मागणी आणि आज राहणाऱ्यांच्या संरक्षणाची मागणी एकाच पत्रात करा. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागातल्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना उभी केली आणि १९८८ मध्ये आपल्या भागातले ओस पडलेले खासगी भूखंड संपादन करण्याचा अधिकार शहराकडून मिळवला. जमीन समाजाच्या न्यासाकडे राहते, म्हणून तिच्यावरची घरं परवडणारी राहतात. हे फार मोठं काम आहे, मला त्याबद्दल अपार आदर वाटतो, आणि ते रहिवाशांनी केलं आहे.

सुनावणीला कोण येतं, तेही बघा. बॉस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या नियोजन सभांची इतिवृत्तं तपासली. बोलणाऱ्यांत वयस्कर, पुरुष आणि घरमालक यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त निघालं, आणि बहुतेकांनी नव्या घरांना विरोधच केला. ज्यांना घर हवं आहे, ते त्या वेळी कामावर असतात किंवा मुलांना जेवू घालत असतात. तेव्हा त्यांची लेखी निवेदनं आधीच गोळा करा, प्रत्येकाची वेगळी, त्यांच्याच शब्दांत. एकाच मजकुराखाली शंभर सह्या आल्या तर आमच्या टेबलावर त्याची एकच नोंद व्हायची. दहा वेगळ्या पत्रांचे दहा क्रमांक पडायचे.

ज्यांना येता येईल त्यांच्या लेकरांना सांभाळायला गटातलं कोणीतरी बाहेर बसू दे. बोलायला दोन मिनिटं मिळतात. पहिल्या वाक्यात नाव आणि मागणी, मग स्वतःचा एक प्रसंग, मग एक आकडा, शेवटी पुन्हा मागणी. आभार मानण्यात वेळ घालवू नका.

वेळ आणि पाठपुरावा

अंदाजपत्रक सभागृहात येतं तेव्हा ते जवळजवळ ठरलेलं असतं. खाती आपापले आकडे कितीतरी आधी देतात. ती तारीख कोणती, हे खात्यातल्या कारकुनाला विचारा, तो सांगतो. तुमचं पत्र त्या तारखेआधी पोचलं पाहिजे. प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि पुढच्या पत्रात आधीच्या पोचेचा क्रमांक व तारीख लिहा. असं पत्र नव्या फायलीत जात नाही, जुनी फाइल कपाटातून बाहेर काढायला लावतं.

मंजुरी मिळाली की तरतुदीची रक्कम आणि कार्यादेशाची तारीख लेखी मागा. प्रयोग सुरू झाला की त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रकान्यांत पुन्हा मोजणी करा आणि दुकानदारांनाही सोबत घ्या. प्रयोगाची मुदत संपायच्या दीड महिना आधी दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी लावून प्रयोग कायम करण्याच्या मागणीचं पत्र द्या. विषयाच्या ओळीत लिहा: ‘अमुक तारखेच्या आदेशान्वये सुरू असलेला प्रयोग कायम करण्याबाबत’.