छातीत पंप, कमरेला बॅटऱ्या: घरी सांभाळायचं कसं

आम्ही मूळ नाशिकचे. ह्यांचं हृदय बदलायचंय, दात्याचं हृदय मिळाल्याच्या फोनची वाट बघतोय. दात्याचं काढलेलं हृदय साधारण ४ तासांत दुसऱ्या छातीत चालू व्हावं लागतं. फोन येईल तेव्हा आपण कसारा घाटात अडकलेलो नको, म्हणून ठाण्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ह्यांचं नाव मुंबईच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे दान केलेले अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे. तोवर हृदयाच्या डाव्या कप्प्याचं काम एलव्हॅड, म्हणजे छातीत बसवलेला पंप, करतो. आमचा पंप हार्टमेट ३. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला, आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या.

हॉस्पिटलात शिकवतात सगळं, पण घरी आल्यावर पहिला प्रश्न आला विजेचा. झोपताना पंप बॅटरीवर ठेवायचा नाही, कारण गाढ झोपेत बीप ऐकू आली नाही तर संपलं. रात्री भिंतीतल्या विजेवर. आता मशीनच्या पुस्तकात लिहिलंय की बटण असलेल्या सॉकेटला जोडू नका. आपल्याकडे बिनबटणाचं सॉकेट कुठून आणायचं? इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं, बटण चालू केलं आणि त्यावर चिकटपट्टीचे चार थर मारले. वर लाल पेनाने 'हात लावू नये'. कामवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलं. लाइट गेली तर कंट्रोलरच्या आतली बॅटरी १५ मिनिटं तरी पंप चालवते, तेवढ्यात आपल्या बॅटऱ्या जोडायच्या. भरलेली जोडी आणि टॉर्च माझ्या उशापाशी असते.

बॅटरी बदलताना एकच नियम: एका वेळी एकच. आधी नव्या बॅटरीचं बटण दाबून चारही हिरवे दिवे लागतात का पाहायचं. मग एक जुनी काढायची. कंट्रोलर बोंबलतो, बोंबलू दे. बाण जुळवून नवी आत सरकवायची, खट् आवाज आला की थोडं ओढून बघायचं, मगच दुसरीला हात. जोडी १७ तासांपर्यंत जाते म्हणतात, मी १२ झाले की बदलते. भित्री म्हणा हवं तर.

वायर बाहेर येते ती जागा म्हणजे जंतूंना उघडं दार. ड्रेसिंगच्या वेळी पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क, हात धुऊन निर्जंतुक हातमोजे. लाली, ओल, पू, वास, काही दिसलं की फोटो काढून हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला. माझ्या नणंदेने प्रेमाने हळद लावायला सांगितली होती. हळद, पावडर, मलम, काही नाही. आणि वायर पोटाला पट्टीने पक्की हवी. आमची एकदा ड्रॉवरच्या मुठीत अडकली, ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या मुठी काढल्या. आता ड्रॉवर फडक्याची गाठ धरून उघडतो. अंघोळ अजून ओल्या फडक्यानेच. पोहणं कायमचं बंद, एमआरआयही चालत नाही.

बीपी नेहमीच्या मशीनवर बऱ्याचदा येत नाही, कारण पंप रक्त सलग ढकलतो, नाडी हाताला लागतेच असं नाही. कोपराच्या आत जेल लावून डॉप्लर (रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) धरायचा, पट्टा आवाज जाईपर्यंत फुगवायचा, हळूहळू सोडायचा. सूं आवाज परत आला तो आकडा वहीत. आम्हाला ७० ते ८५ मध्ये ठेवायला सांगितलंय. म्हणूनच आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवलंय: साहेब पडले आणि नाडी लागली नाही तर गेले असं समजू नका. श्वास बघा, कंट्रोलरवरचा हिरवा दिवा बघा, मला फोन करा. डॉक्टर आले तर छातीला स्टेथोस्कोप लावून पंपाची घरघर ऐकायची.

मे महिन्यात ह्यांना जुलाब झाले. दुपारी लाल हृदयाचा दिवा आणि सलग भोंगा. स्क्रीनवर फ्लो, म्हणजे पंप मिनिटाला किती लिटर रक्त ढकलतो तो आकडा, २.३; २.५ च्या खाली गेला की ओरडतो. अंगात पाणीच नव्हतं, पंपाने ओढायचं काय? आधी वायर, जोडण्या पाहिल्या, मग कोऑर्डिनेटरला फोन लावला आणि निघालो. स्पीडला हात लावणं आपलं काम नाही.

वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज एकाच वेळी; आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) २ ते ३ मध्ये. पालेभाजीने हा आकडा हलतो. मेथी-पालक खायचा, पण एक आठवडा ढीगभर आणि पुढचा आठवडा शून्य असं नको. दात काढायचा असला तरी आधी विचारायचं. रक्त चढवायची वेळ आली तर ट्रान्सप्लांट टीमला कळवल्याशिवाय होऊ देऊ नका. परक्या रक्ताने अंगात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. हे मला कळलं तेही उशिराच.

दाराशी एक पिशवी भरलेली आहे: जादा कंट्रोलर, भरलेल्या दोन बॅटऱ्या, औषधं, फाइल. भाजी आणायला निघालो तरी ती खांद्यावर. फोन सायलेंट करत नाही, लग्नातसुद्धा. एकदा रात्री २ वाजता वाजला. हे उठून चपला घालूनच बसले. राँग नंबर होता.